शेवटून पहिलं राज्य

मागच्या अंकात मी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या माझ्या जुन्या घराबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर या महिन्यात तीन पत्रं आली. या वेळी तेवढीच घेते.

नमस्कार बाई. माझ्या मुलीला स्टार्कव्हिलच्या मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीत मृदाशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला आहे. फी माफ, शिवाय दरमहा पैसे. पेढे वाटून झाले आणि न्यू जर्सीहून मेहुण्यांचा फोन आला. "मिसिसिपी? दाजी, राहणीमानाच्या कुठल्याही यादीत ते शेवटून पहिलं असतं. गरिबी, वर्णद्वेष, सगळं तिथंच. पोरीला कुठं पाठवताय?" त्यांनी तीन याद्या पाठवल्या. एकीत पन्नासावं, दुसरीत एकोणपन्नासावं, तिसरीत अठ्ठेचाळिसावं. तेव्हापासून मंडळींच्या घशाखाली घास उतरत नाही. तुम्ही तिथं राहिलात. पाठवावं का?
— एक वडील, कराड

पाठवा. उत्तर एवढंच, पण तेवढ्याने तुमच्या मंडळी जेवायच्या नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी परभणीची. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आम्ही छातीठोकपणे सांगतो, समोरचा हसतो, आणि तो का हसतो हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. १९९६ मध्ये आमच्या डॉक्टरांबरोबर मी मिसिसिपीच्या डेल्टा भागात, म्हणजे नदीकाठच्या कापूसपट्ट्यात, उतरले. परदेशी डॉक्टरने प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं, अशी व्हिसाची अट असते. जिथे अमेरिकन डॉक्टर जायला राजी नसतात अशा भागात तीन वर्षं काम केलं तर ती माफ होते. त्यामुळे आमच्यासारखी कितीतरी माणसं यादीच्या तळाशी असलेल्या गावांत जाऊन पडतात. त्या गावाला डॉक्टर मिळतो, आम्हाला कागद. तीन वर्षांसाठी गेलो आणि तेवीस वर्षं राहिलो. आधी डेल्टात, मग राजधानी जॅक्सनमध्ये. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. त्यामुळे या याद्यांशी माझं जुनं भांडण आहे, आणि थोडं प्रेमही.

शेजारच्या अलाबामात एक म्हण आहे : थँक गॉड फॉर मिसिसिपी. देवाची कृपा, मिसिसिपी आहे, नाहीतर शेवटचे आपणच असतो. आर्कान्सातही हीच म्हण ऐकली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला परभणी आठवली आणि हसू आलं. दुसऱ्यांदा नाही आलं.

आता याद्यांकडे. त्या खोट्या नाहीत, हे आधी सांगते. तुमच्या मेहुण्यांनी काही बनावट पाठवलेलं नाही. मिसिसिपीत दर पाच माणसांमागे जवळजवळ एक दारिद्र्यरेषेखाली आहे. देशाचा हिशेब साधारण आठात एक. २०२४ मध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ९.७ बाळं वर्षाच्या आत गेली. देशाचा आकडा साडेपाचच्या आसपास आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने यावरून आणीबाणी जाहीर केली. कृष्णवर्णीय बाळांचा वेगळा आकडा पाहिलात तर तो १५ च्या वर जातो. हे कुठल्या यादीवाल्याने रचलेलं नाही.

पण यादी तयार कशी होते ते बघा. चाळीस-पन्नास रकाने घेतात : बालमृत्यू, आयुर्मान, लठ्ठपणा, मधुमेह, दात पडलेले म्हातारे, इंटरनेट नसलेली घरं, पदवीधरांचं प्रमाण, आरोग्य विमा. प्रत्येकाला वजन देऊन बेरीज करतात. वाचणाऱ्याला वाटतं, चाळीस विषयांची परीक्षा झाली आणि बिचारं राज्य चाळिसांत नापास झालं. प्रत्यक्षात परीक्षा एका विषयाची असते आणि त्या विषयाचं नाव पैसा. माझ्या शाळेत एक मुलगी होती. वही नाही म्हणून गृहपाठाचे गुण कापले, तेल नाही म्हणून केस विस्कटलेले, त्याचे स्वच्छतेचे कापले, कापूस वेचायला जायची म्हणून हजेरीचे कापले. प्रगतिपुस्तकात ती पाच ठिकाणी कच्ची दिसत होती. मिसिसिपीचं प्रगतिपुस्तक तसंच आहे.

वर्गात मी मुलांना एक खेळ करायला लावायचे. पन्नास राज्यांचे आकडे द्यायचे आणि सांगायचे, वजनं तुमच्या मनाने लावा. कुणाला हवामान महत्त्वाचं, कुणाला शाळा, कुणाला रस्त्यावरची गर्दी. मधली राज्यं वेड्यासारखी वरखाली व्हायची, एका मुलाच्या यादीत अकरावं राज्य दुसऱ्याकडे तिसावं. तळ मात्र बहुतेक वेळा तोच. जे राज्य जवळजवळ प्रत्येक रकान्यात मागे असतं, त्याला कुठलंही वजन वाचवू शकत नाही. म्हणून शेवटचा नंबर पक्का असतो. पण त्यामागचं कारण एकच आहे, हे त्या नंबरावरून कळत नाही.

दारिद्र्यरेषेचीही एक गंमत आहे. ती १९६० च्या दशकात अन्नाच्या खर्चाची तिप्पट अशा हिशेबाने आखलेली. मिसिसिपी असो की कॅलिफोर्निया, रेषा एकच. सरकारचंच दुसरं मोजमाप आहे, त्यात घरभाडं आणि सरकारी मदत धरतात. त्याने मोजलं की गेली कितीतरी वर्षं गरिबीत कॅलिफोर्निया सर्वांत वरच्या राज्यांत दिसतं आणि मिसिसिपी थोडं सावरतं. तुमच्या मुलीच्या दृष्टीने एवढंच : तिच्या महिन्याच्या पैशात स्टार्कव्हिलला खोली, किराणा आणि जुन्या गाडीचं पेट्रोल भागेल. न्यू जर्सीत तेवढ्यात मामांचा सोफा मिळेल.

मला जास्त लिहावंसं वाटतं ते हा पैसा गेला कुठे यावर. कारण तो एकेकाळी तिथे होता. मिसिसिपी नदीकाठचं नॅचेझ हे गाव यादवी युद्धाआधी देशातल्या सर्वांत श्रीमंत गावांत मोडायचं. ती श्रीमंती कापसाची, आणि कापूस गुलामांचा. १८६० च्या जनगणनेत राज्याचे ५५ टक्के लोक दुसऱ्याच्या मालकीचे होते. म्हणजे ज्याला आपण "राज्याची संपत्ती" म्हणू, ती बरीचशी माणसंच होती.

मग गुलामगिरी संपली. १८७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमधला पहिला कृष्णवर्णीय सदस्य, हायरम रेव्हेल्स, याच मिसिसिपीने पाठवला. १८७३ मध्ये आपल्या जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच घटनांकडे बघून. त्यानंतर दोनच वर्षांत, १८७५ मध्ये, मिसिसिपीत बंदुकीच्या धाकाने कृष्णवर्णीयांचं मतदान बंद पाडलं गेलं. १८९० मध्ये राज्याने नवी घटनाच लिहिली : मतदानासाठी कर भरा, घटनेचं कलम वाचून त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणारा कारकून गोरा. ज्यांना मत नाही त्यांच्या वाट्याला शाळा नाही, दवाखाना नाही, वाट्याने केलेली दुसऱ्याची शेती आणि दुकानदाराची उधारी. आपल्याकडच्या सालगड्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९४४ मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या एका मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचं प्रात्यक्षिक झालं, आणि मग ते हातही नको झाले. माणसं आगगाडीत बसून शिकागोला निघून गेली. मागे राहिले ते, ज्यांना जाता आलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा गावात रेल्वेचे रूळ होते आणि रुळांच्या दोन बाजू होत्या. घरं दाखवणारी बाई आम्हाला एकाच बाजूची दाखवत होती. मी विचारलं, पलीकडे काही नाही का? ती गोड हसून म्हणाली, "यू वुडन्ट बी हॅपी देअर, हनी." परभणीत आम्हाला कधी कुणी घर नाकारलं नव्हतं, कारण आमचं आडनाव चालणारं होतं. ज्यांचं चालत नव्हतं त्यांना नाकारताना मी पाहिलं होतं, आणि तेव्हा मला तो आमचा प्रश्न वाटला नव्हता. त्या बाईच्या गाडीत मागच्या सीटवर बसून तो पहिल्यांदा माझा वाटला. अर्थात आम्ही घर तिने दाखवलेल्या बाजूलाच घेतलं.

मुलाच्या शाळेचंही तसंच. १९६९ अखेर सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की आता आणखी चालढकल नको, शाळा ताबडतोब एकत्र करा. त्यावर डेल्टातल्या गोऱ्या पालकांनी खासगी शाळा काढल्या. त्यांना "अकॅडमी" म्हणतात. गावची सरकारी शाळा जवळजवळ पूर्ण कृष्णवर्णीय, अकॅडमी जवळजवळ पूर्ण गोरी. आम्ही दोन्हींत बसत नव्हतो. १९२७ मध्ये तिथल्याच रोझडेल गावच्या एका चिनी दुकानदाराच्या मुलीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि निकाल लागला : ती गोरी नाही, तिने काळ्यांच्या शाळेत जावं. आम्हाला सत्तर वर्षांनी निवडीची मुभा होती. दोन वर्षं मुलाला अकॅडमीत घातलं. "सगळे डॉक्टर तिथेच घालतात" हे कारण. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

आमचे डॉक्टर संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, आज अमक्या आजीचा पाय गेला. मधुमेहाला तिथली माणसंही "शुगर" म्हणतात. "आय गॉट शुगर, डॉक्टर." परभणीतली आजीही हेच म्हणते, मला शुगर आहे. आजींकडे विमा नव्हता. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार गरिबांचा विमा वाढवायचा तर खर्चाचा नव्वद टक्के भाग केंद्र देतं. मिसिसिपीच्या राज्यकर्त्यांनी तो आजतागायत घेतलेला नाही. इथे मी राज्याची बाजू घेणार नाही. २०२० मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकाने उघड केलं की गरीब कुटुंबांसाठी आलेले कोट्यवधी डॉलर भलतीकडे वळवले गेले, त्यातले काही राज्यातल्या दुसऱ्या एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल स्टेडियमवर. शेवटचा नंबर फक्त इतिहासाने येत नाही, तो दरवर्षी नव्याने कमवावा लागतो.

आता बदनामीबद्दल. १९३१ मध्ये 'अमेरिकन मर्क्युरी' मासिकात एच. एल. मेन्केन आणि चार्ल्स अँगॉफ यांनी अशीच यादी छापली, सर्वांत वाईट अमेरिकन राज्य कोणतं. वर मॅसॅच्युसेट्स, तळाला मिसिसिपी. म्हणजे ही पाटी गळ्यात पडून शंभर वर्षं होत आली. पाटी दिसली की डॉक्टर येत नाही, कारखाना दुसरीकडे जातो, शिकलेलं पोर बाहेर पडतं. मग पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या रकान्यात राज्य आणखी खाली. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या घटलेली तीनच राज्यं होती, त्यांत मिसिसिपी. तुमच्या मेहुण्यांचा फोन हाही त्या यंत्राचा एक दात आहे, त्यांना राग येणार नसेल तर सांगा.

मात्र बदनामीचा उपयोगही होतो, आणि त्याचं उदाहरण तुमच्या मुलीच्याच विद्यापीठातलं आहे. राज्याच्या झेंड्यावर १८९४ पासून गुलामगिरीसाठी लढलेल्या फौजेचं निशाण होतं. २००१ मध्ये सार्वमत घेतलं, लोकांनी तेच ठेवलं. मी तेव्हा कार्यालयात आणि बँकेत त्याच झेंड्याखालून जात होते. २०२० च्या जूनमध्ये मिसिसिपी स्टेटचा फुटबॉलपटू कायलिन हिल याने जाहीर केलं की झेंडा बदलेपर्यंत मी या राज्यातर्फे खेळणार नाही. खेळाच्या संघटनांनीही डोळे वटारले. आठवड्याभरात विधिमंडळाने झेंडा उतरवला. नैतिकतेने सव्वाशे वर्षांत जमलं नाही ते फुटबॉलने जमवलं. आता झेंड्यावर मॅग्नोलियाचं फूल आहे.

स्टार्कव्हिल डेल्टात नाही, राज्याच्या पूर्वेला आहे. विद्यापीठाचं गाव. तिथल्या फुटबॉलच्या सामन्यात हजारो माणसं गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, अरे, हा तर पोळा! मृदाशास्त्र शिकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीला याहून योग्य जागा मी सुचवू शकत नाही.

तुम्ही प्रत्येक गोष्टीचं खापर वर्णद्वेषावर फोडता. मी बावीस वर्षं मिनियापोलिसमध्ये आहे. आमचं मिनेसोटा सगळ्या याद्यांत वर असतं, कारण लोक कष्टाळू आहेत आणि सरकार स्वच्छ. दक्षिणेत ती संस्कृतीच नाही, हे मान्य का करत नाही?
— एक वाचक, मिनेसोटा

सरकार बरं आहे, हे मान्य. कर भरतात, शाळांवर खर्च करतात, विमा वाढवला. मिसिसिपीने यातून शिकावं.

पण तुमच्या राज्याची सरासरी गोऱ्यांची आहे, कारण माणसंच बहुतांश गोरी. सरासरीत तुमचे कृष्णवर्णीय शेजारी दिसत नाहीत. मिनेसोटात गोऱ्या कुटुंबांपैकी चारात तीन स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीयांत तिनात एकही नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या दऱ्यांपैकी ही एक. तुमच्याच विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ सॅम्युएल मायर्स याला "मिनेसोटाचा विरोधाभास" म्हणतात : गोऱ्यांसाठी देशातल्या उत्तम राज्यांपैकी एक, कृष्णवर्णीयांसाठी वाईट राज्यांपैकी एक, आणि दोन्ही एकाच पत्त्यावर.

हे आळसाने झालं नाही. मिनियापोलिसमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घरांच्या खरेदीखतातच लिहिलेलं असायचं की ही मालमत्ता गोऱ्याशिवाय कुणाला विकायची नाही. शेजारच्या सेंट पॉलमध्ये राँडो नावाची कृष्णवर्णीयांची चालती-बोलती वस्ती होती, तिच्या पोटातून महामार्ग काढला. ओरेगॉनने तर १८५७ च्या घटनेतच कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहायला बंदी घातली, ते कलम १९२६ पर्यंत कागदावर होतं. उत्तरेत दार लावून घेतलं, दक्षिणेत घरात ठेवून राबवलं. मग उत्तरेची सरासरी सुंदर दिसते, यात नवल काय? मेन, व्हरमॉन्ट, न्यू हॅम्पशर या राज्यांत दहात नऊ माणसं गोरी आहेत. त्यांनी काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही. त्यांना तो पेपर सोडवायलाच लागला नाही, एवढंच.

आणि दक्षिणेच्या संस्कृतीबद्दल. २०१३ मध्ये चौथीच्या मुलांच्या वाचनात मिसिसिपी देशात एकोणपन्नासावं होतं. त्या वर्षी कायदा झाला : शिक्षकांना वाचन शिकवण्याचं नवं प्रशिक्षण, बालवाडीपासून चाचण्या, मागे पडणाऱ्याला वेगळा वेळ, आणि तिसरीच्या अखेरीस वाचता आलं नाही तर चौथीत ढकलायचं नाही. शेवटच्या अटीवरून माझं आणि माझ्या शिक्षक मैत्रिणीचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मला ती क्रूर वाटत होती, अजूनही थोडी वाटते. २०२४ मध्ये राज्य नवव्या क्रमांकावर आलं. मिसिसिपीतली कृष्णवर्णीय मुलं विस्कॉन्सिनमधल्या कृष्णवर्णीय मुलांपेक्षा चांगलं वाचतात, आणि विस्कॉन्सिन तुमचं शेजारी. संस्कृती दहा वर्षांत बदलली की काय?

मे २०२० मध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा जीव गेला आणि मिनियापोलिसचं नाव जगभर गेलं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही तिथेच होतात.

राजधानीत नळाला पाणी नसतं म्हणे, हे खरं का? आणि दवाखाने तरी बरे आहेत का? जावई जॅक्सनला चालले आहेत.
— सासूबाई, नाशिक

खरं आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मुख्य जलशुद्धीकरण केंद्र बसलं आणि दीड लाख लोकांच्या शहरात पाणी उकळायलासुद्धा पुरेना. आमच्या वेळीही "बॉइल वॉटर नोटीस" महिन्या-दोन महिन्यांनी यायची. एकत्र शाळांनंतर गोरी कुटुंबं शहराबाहेर राहायला गेली, कर तिकडे गेला, पाइप इकडे सडले. नंतर न्यायालयाने कारभार बाहेरच्या व्यवस्थापकाकडे दिला. जावयांना सांगा, दोन मोठी पिंपं भरून ठेवा. नाशिककरांना पाण्याचे दिवस सांगायला नकोत.

दवाखाना उत्तम. जगातलं पहिलं मानवी फुप्फुस प्रत्यारोपण जून १९६३ मध्ये जॅक्सनच्या विद्यापीठ रुग्णालयातच झालं. त्याच रात्री कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारे मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घातली आणि त्याच रुग्णालयात आणलं. ते तिथेच गेले. गोळी घालणाऱ्याला शिक्षा व्हायला १९९४ उजाडलं. एव्हर्स यांचं घर आता राष्ट्रीय स्मारक आहे, शहरातच. जावयांना पहिल्या रविवारी तिथे जायला सांगा. सकाळी लवकर जावं, ऑगस्टमध्ये दहाच्या पुढे ऊन सोसत नाही.

कोकमं पाठवा बरोबर. तिथे सगळं मिळतं, तेवढं मिळत नाही.